बादली जड नसते

गावंडे सरांनी मला आयुष्यात एकदाही नावाने हाक मारली नाही. अकोल्याच्या ज्युनिअर कॉलेजात त्यांच्या वर्गात माझा हजेरी क्रमांक एक्केचाळीस होता. सात वर्षांनी ऑस्ट्रेलियात, टूवूंबाला, त्यांच्या घरातली एक खोली भाड्याने घ्यायला मी बॅग ओढत पोचले, तेव्हा दार उघडून ते म्हणाले, "ये, एक्केचाळीस. बूट बाहेर." माझं नाव वैशाली आहे हे त्यांना ठाऊक असणारच, पण ते वापरायची त्यांना कधी गरज पडली नाही.

उंची पाच फूट तीन इंच, आवाज मात्र दोन मजली. सर फिजिक्स शिकवायचे आणि मारायचे, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं त्यांना वाटत नसे. डस्टर फेकायचे, लाकडी पट्टी तुटेपर्यंत वापरायचे. एकदा तर मागच्या बाकावर हसणाऱ्या पोराला त्यांनी स्वतःचा जेवणाचा डबा फेकून मारला. पोरगा खाली वाकला, डबा भिंतीवर आपटून उघडला आणि भेंडीची भाजी दोन बाकांवर पसरली. सर शांतपणे फळ्याकडे वळून म्हणाले, "आडवा कितीही जोरात फेका, खाली यायला तेवढाच वेळ लागतो. लिहून घ्या." आम्ही लिहून घेतलं. आमच्याकडे मारणाऱ्या मास्तरला 'कडक' म्हणतात आणि आईबाप मुद्दाम त्याच्याच वर्गात पोरं घालतात. माझ्याही आईबापांनी घातलं.

बाजारात भाजीवाल्याने "दोन किलो वजन भरलं" म्हटलं की सर तिथेच त्याला थांबवायचे. किलो हे वस्तुमान, वजन न्यूटनमध्ये सांग. भाजीवाला बिचारा "बरं मास्तर" म्हणून आणखी दोन मिरच्या टाकायचा. गुरुत्वाचं त्वरण नऊ पूर्णांक आठ. कुणी गणित सोपं व्हावं म्हणून दहा धरलं, तर त्याच्या गालावर त्या दशांश दोनचा हिशोब व्हायचा.

बादलीची गोष्ट माझी स्वतःची. सरांनी वर्गात विचारलं, "चंद्राचं वस्तुमान पृथ्वीच्या एक्क्याऐंशीवा भाग. मग तिथे वजन एक्क्याऐंशीवा भाग भरायला पाहिजे. सहावा भाग कसं काय भरतं? एक्केचाळीस, ऊठ." मला येत नव्हतं. सरांनी शिपायाला प्रयोगशाळेतली लोखंडी बादली पाण्याने अर्धी भरून आणायला लावली आणि मला ती हात सरळ पुढे करून धरायला सांगितली. मिनिटाभरात खांदा थरथरायला लागला. दुसऱ्या मिनिटाला मी रडत होते. सर माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाले, "बादली जड नाही. बादली कधीच जड नसते. पृथ्वी जड आहे, आणि ती ओढून राहिली. तुझं भांडण तिच्याशी आहे." मग उत्तरही त्यांनीच दिलं. चंद्र लहान आहे. लहान गोळ्यावर उभं राहणारा माणूस त्याच्या मध्याच्या जवळ असतो, आणि जवळ गेलं की ओढ वाढते. अंतर निम्मं झालं की ओढ चौपट होते. अंतर दुप्पट केलं की चौथाई. "शून्य मात्र कधीच होत नाही, कितीही लांब पळा." बादली माझ्या पायावर पडली तेव्हा कुठे तास संपला.

परवा, इतक्या वर्षांनी, माझ्या लेकीने इथे ऑस्ट्रेलियात आमच्या स्प्रिंगफील्ड लेक्सच्या घरात होमवर्क काढून नेमकं तेच विचारलं, "मम्, व्हाय वन-सिक्स्थ?" तिला मी उत्तर दिलं, आणि रात्री जेवताना उजवा खांदा दुखत होता. म्हणून हे लिहायला घेतलं.

त्या वर्षांत आमच्याकडून विद्यार्थ्यांची रीघच लागली होती ऑस्ट्रेलियाला. ज्याला त्याला एजंट, ज्याला त्याला व्हिसा. मी सर्व्हेइंग, म्हणजे जमिनीच्या मोजणीचं शास्त्र शिकायला टूवूंबाच्या युनिव्हर्सिटीला, इथल्या भाषेत युनिला, आले. सर माझ्याआधी वर्षभर आले होते, पण विद्यार्थी म्हणून नव्हे. विद्यार्थिनी होत्या त्यांच्या बायको, ज्योत्स्नाताई. अकोल्यात नर्स होत्या, इथे नर्सिंगची डिग्री करत होत्या, आणि सर त्यांच्या व्हिसावर 'अवलंबून' म्हणून आलेले. मूलबाळ नव्हतं. बावीस वर्षं विनाअनुदानित कॉलेजात शिकवलेल्या माणसाला इथे कुणी फळ्याजवळही उभं करेना. शेवटी गावाबाहेरच्या एका कत्तलखान्यात, मांस सोलून हाडं वेगळी करायच्या हॉलमध्ये त्यांना काम मिळालं.

माझ्या आईबाबांना यातलं फक्त एवढंच माहीत होतं की गावंडे सर तिथे आहेत. रस्त्यावर भारतीय पोरांना मारल्याच्या बातम्या तेव्हा टीव्हीवर रोज दिसायच्या. आई फोनवर म्हणायची, "तू सरांच्या घरात आहेस म्हणून आम्हाला झोप लागते बाई."

सरांची शिफ्ट पहाटे सुरू व्हायची आणि दुपारी दोनला ते घरी यायचे. अंगाला रक्ताचा आणि ब्लीचचा वास. साखळीवर उलटी टांगलेली जनावरं एकामागून एक समोर येतात, प्रत्येकाला ठरावीक सेकंद, साखळी कुणासाठी थांबत नाही. "गुरुत्वाकर्षण शिकायचं असेल तर तिथे ये," ते मला म्हणाले, "दीडशे किलोचा अर्धा बैल आकड्यावरून सुटला की काय होतं ते बघ." एकाच्या खांद्यावर असा बैल पडताना त्यांनी पाहिला होता. खांदा कसा निखळला ते त्यांनी जेवताना, हाताने दाखवत, सविस्तर सांगितलं. हॉलमधला सुपरवायझर पंचविशीचा पोरगा. तो सरांना 'मेट', म्हणजे 'मित्रा', म्हणायचा आणि घड्याळ लावून संडासला सोडायचा. हे मात्र सरांनी एकदाच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर हातातला ग्लास भिंतीवर फेकला. रविवारी दुपारी ते मागच्या पायरीवर बसून आपल्या सुऱ्यांना लोखंडी कांबेवर धार लावायचे. तो आवाज घरभर ऐकू यायचा आणि तेवढा वेळ ताई स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या नाहीत. मला वाटायचं, कामात असतील.

एका संध्याकाळी आम्ही तिघं दुकानातून भाजी घेऊन चालत येत होतो. सरांची गाडी गॅरेजमध्ये होती, आणि टूवूंबाला गाडी नसली की माणूस लंगडाच. मागून एक यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, आली, आतून काहीतरी घाणेरडं ओरडणं आलं आणि बिअरची बाटली माझ्या कानाशेजारून जाऊन ताईंच्या पायाशी फुटली. सरांनी पिशवी खाली ठेवली आणि धावत सुटले. सेहेचाळीस वर्षांचा, पाच फूट तीन इंचाचा माणूस. पुढच्या सिग्नलला यूट अडकली होती. सरांनी उघड्या खिडकीतून हात घालून त्या पोराची कॉलर धरली आणि त्याचं तोंड दाराच्या कडेवर आपटलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. त्याच्या नाकातून रक्त येऊन दारावर ओघळलं. सिग्नल हिरवा झाला, यूट सरांना फरफटत चार पावलं घेऊन गेली आणि मग निसटली. सर परत आले ते गुडघे सोलवटून, हातात त्या पोराच्या शर्टाचं एक बटण घेऊन. ते बटण माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "यूटचा वेग अधिक बाटलीचा वेग. डोक्याला लागली असती तर मेली असतीस, एक्केचाळीस."

मला त्या दिवशी सर देव वाटले, हे मी लपवणार नाही. ते बटण मी पेन्सिलच्या डबीत जपून ठेवलं. ताई मात्र घरी आल्यावर दार लावताना एवढंच म्हणाल्या, "हात बघितलास का त्यांचा? थांबत नव्हता." मला वाटलं त्याही कौतुकच करताहेत.

मला त्या सेमिस्टरला एक विषय होता, पृथ्वीचं गुरुत्व जागोजागी कसं बदलतं याचा. सर रोज दुपारी अंघोळ करून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मला शिकवायला बसायचे. तेव्हा ते वेगळेच दिसायचे. भाषा शुद्ध व्हायची, पाठ ताठ. एक दिवस म्हणाले, "समज, सूर्य चेपून आपल्या टूवूंबाएवढा केला. वस्तुमान तेच, एक ग्रॅम कमी नाही. पृथ्वीचं काय होईल?"

"आत खेचली जाईल," मी म्हटलं.

"गाढव आहेस. काहीही होणार नाही. वस्तुमान तेच, अंतर तेच, तर ओढ तीच. आजच्यासारखीच फिरत राहील. लांबच्याला काही कळतसुद्धा नाही." मग त्यांनी ओट्यावरचा अख्खा स्लाइस ब्रेड उचलला आणि दोन्ही हातांत घेऊन चेपायला लागले. मानेच्या शिरा फुगल्या. ब्रेडचा मोसंबीएवढा, करडा, ओला गोळा झाला. "पण जो त्याच्या अंगावर उभा आहे ना, त्याचा चुरा. तो आता मध्याच्या किती जवळ आला बघ. जितकं लहान चेपाल, तितका जवळच्याचा जीव घेईल. बरं, आता उलट सांग. अंतर चौपट केलं तर?"

मी बोटांवर मोजत होते. सिंकपाशी पाठमोऱ्या उभ्या ताई म्हणाल्या, "सोळावा भाग."

सर थांबले. "तुले कुनी विचारलं?" शुद्ध भाषा गेली आणि वऱ्हाडी आली. ब्रेडचा गोळा त्यांनी ताईंना फेकून मारला. तो कानामागे बसला, ताईंच्या हातातला ग्लास सिंकमध्ये फुटला आणि पाणी लाल झालं. ताई मागे न बघता म्हणाल्या, "उद्याच्या डब्याचा ब्रेड होता तो."

आणि मी काय केलं, तर वहीत 'लांबच्याला कळत नाही' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. त्या विषयात मला वरची श्रेणी मिळाली.

त्यानंतर मला दिसायला लागलं. आधीही दिसतच होतं म्हणा, पण डोळे उघडे असणं आणि बघणं यांत फरक आहे. ताईंच्या दंडावर निळे डाग यायचे आणि पिवळे होऊन जायचे. हॉस्पिटलात प्लेसमेंटला, म्हणजे डिग्रीसाठी कराव्या लागणाऱ्या कामावर, कुणी विचारलं, तर त्या सांगायच्या की भ्रमिष्ट पेशंटने धरलं. मी एकदा पोलिसांचं नाव काढलं तर त्यांनी माझं तोंड हाताने दाबलं. "सहा महिने राहिलेत, वैशू. नर्सचं रजिस्ट्रेशन हातात आलं की मी माझी. आत्ता पोलिस आले, चौकशी लागली, प्लेसमेंट गेलं, तर मी कुठली? मला अकोल्याला परत पाठवतील आणि तिथेही हेच घर आहे."

मग मी ते केलं जे आपल्यातली कुठलीही शहाणी मुलगी करेल. मोठ्यांच्या कानावर घातलं. सरांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे दादा म्हणायचे, अकोल्याला होते. सर त्यांच्यापुढे मान वर करत नसत. मी युनिच्या आवारातून त्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. दादा म्हणाले, "बरं केलं पोरी सांगितलं. घरातली गोष्ट घरात राहू दे. मी बोलतो त्याच्याशी." फोन ठेवला तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी कँटीनमध्ये जाऊन आइस्क्रीम खाल्लं.

दादांचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मी खोलीत होते. "हो दादा. नाही दादा. बरं दादा." सरांचा आवाज शाळकरी पोरासारखा. फोन अलगद ठेवल्याचा आवाज आला. मग नळ सोडल्याचा. पाणी बादलीत पडत होतं आणि तो आवाज ऐकून माझ्या खांद्याला आधी समजलं.

मी दारात गेले तेव्हा ताई स्वयंपाकघराच्या मध्ये उभ्या होत्या, हात सरळ पुढे, हातात फरशी पुसायची भरलेली बादली. सरांच्या हातात सुऱ्यांना धार लावायची कांब. "दादाले सांगतेस? दादाले? धर. खाली नाही गेली पायजे." बादली दोन इंच खाली गेली की कांब दंडावर बसत होती. ताई ओरडत नव्हत्या, नाकाने श्वास घेत होत्या. मी म्हटलं, "सर, मी सांगितलं. ताईंनी नाही. मी फोन केला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "एक्केचाळीस, रूममध्ये जा."

आणि मी गेले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पाय आपोआप वळले, जसे अकोल्यात वळायचे, आणि मी खोलीत येऊन पलंगावर बसले. कांबेचा पुढचा आवाज वेगळा आला. ओली फांदी मोडते तसा. मग बादली पडली, पाणी पॅसेजमधून वाहत माझ्या दाराखालून आत आलं आणि पायाला लागलं. ते गार पाणी लागलं तेव्हा मी माणसात आले आणि ट्रिपल झिरोला, म्हणजे इथल्या पोलिसांच्या तातडीच्या नंबरला, फोन केला.

पोलिस आले तेव्हा सर खुर्चीवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, परीक्षेला बसल्यासारखे. ताई ओल्या फरशीवर, मनगट भलत्याच कोनात. पोलिसाने विचारलं, "व्हॉट हॅपन्ड हिअर, मेट?" सर म्हणाले, "आय ॲम अ टीचर."

ताईंच्या मनगटात प्लेट बसली. प्लेसमेंट एक सेमिस्टर लांबलं, पण हातचं गेलं नाही. ज्या चौकशीला त्या घाबरत होत्या, तिने त्यांचं काही वाकडं केलं नाही. कोर्टाने सरांना बंदी घातली, ताईंच्या शंभर मीटरच्या आत यायचं नाही. दादांचा मला एक फोन आला. म्हणाले, घर मोडलंस पोरी. मी फोन ठेवला, या खेपेला आइस्क्रीम खाल्लं नाही. आईलाही सांगावं लागलं. ती म्हणाली, "सर? आपले सर?" आणि मग पुष्कळ वेळ तिच्याकडचा पंखा ऐकू येत राहिला.

आम्ही दोघी त्याच घरात राहिलो. ताई रोज सकाळी प्लेटच्या हाताने आधी रिकामा मग, नंतर अर्धा भरलेला, असं उचलायचा सराव करायच्या. वर्षभराने त्यांना रजिस्ट्रेशन मिळालं आणि त्याच हॉस्पिटलात नोकरी. पहिल्या शिफ्टच्या चार दिवस आधी माझा फोन वाजला.

"एक्केचाळीस, मी बोलतोय." आवाज एकमजलीसुद्धा राहिला नव्हता. सरांना अकोल्याला परत जायचं होतं, तिकीट निघालं होतं. "जायच्या आधी एकदा तिला युनिफॉर्ममध्ये बघायचंय. लांबून. कायदा मोडायचा नाही मला. तू मोजणी शिकलीस. हॉस्पिटलच्या दारापासून शंभर मीटर कुठे येतात ते मोजून खूण करून दे. अंदाजाने नको."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. एकदा गुपचूप फोन करून मी काय मिळवलं होतं ते मला रोज समोर दिसत होतं, म्हणून या वेळी सरळ ताईंना सांगितलं. त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं नाही. पोळी पूर्ण गोल झाल्यावर म्हणाल्या, "मोज. पण शंभर नको. चारशे मोज."

"चारशे का?"

"चौपट," ताई म्हणाल्या. "सोळावा भाग. तेवढा मला झेपेल."

मी युनितून मोजणीचं चाक आणलं आणि हॉस्पिटलच्या दारापासून त्या सरळ रस्त्याने चालत गेले. तीनशे नव्व्याण्णवाला एक विजेचा खांब होता, मी पुढे आणखी एक मीटर गेले आणि कुंपणाला गुलाबी फीत बांधली. अंदाजाने नको म्हणाले होते ना. सरांना मेसेज केला. उत्तर आलं, 'शंभर?' मी लिहिलं, 'ताईंनी चारशे सांगितलंय.'

पहिल्या दिवशी दुपारी तीनला ताईंची शिफ्ट सुटली. मी दारात उभी होते. फितीपाशी एक माणूस उभा होता. एवढ्या अंतरावरून चेहरा नाही, कपडे नाहीत, हात खाली आहेत की पुढे केलेत तेही कळत नव्हतं. हात लांब करून बोट धरलं तर त्यापुढे तो तांदळाच्या कणीएवढा. याच माणसाने मला बाटलीपासून वाचवलं होतं असं वाटत राहिलं, आणि याच माणसामुळे आजही नळाखाली बादली भरायचा आवाज आला की मी खोलीबाहेर जाते. मला त्यांच्याबद्दल माया वाटत होती आणि त्याची लाज वाटत होती. शून्य कधीच होत नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं.

ताई निळ्या युनिफॉर्ममध्ये बाहेर आल्या. रस्त्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहेत. फितीपाशी. हलले नाहीत."

"दिसते का मी तिथून?"

"नाही ताई. तिथून कुणीच दिसत नाही."

ताईंनी पर्स प्लेटच्या हातातून दुसऱ्या हातात घेतली, तो हात एकदा मोकळा झटकला आणि गाडीच्या दिशेने निघाल्या. मी मागे वळून पाहिलं तेव्हा ती कणी तिथेच होती.